इटालियन शिकवायला परदेशी जाताना



परदेशातील नोकरी म्हटले की आपल्या घरांत अजूनही आखातच डोळ्यांसमोर येते. ड्रायव्हर, फिटर, नर्स, अकाउंटंट या वाटा आपल्याला पाठ आहेत. कोणाला विचारायचे, कोणता चुलता किंवा मामेभाऊ तिथे आहे, हेही ठाऊक असते. आता मात्र या सदराकडे येणारे प्रश्न बदलू लागले आहेत. चिपळूणच्या एका आपांनी विचारले आहे की, मुलगी बी.ए., बी.एड. आहे, मुंबईत राहून इटालियन भाषा शिकली आहे, बी१ पातळीची परीक्षा पास झाली आहे. एक एजंट म्हणतो, माल्टात किंवा दुबईत इटालियन शिकवण्याची नोकरी लावून देतो, दीड लाख रुपये भरा. मुलीच्या अब्बांनी कर्जाची तयारी केली आहे. पैसे द्यावेत का?

आमचे उत्तर आधी सांगून टाकतो. एजंटला पैसे देऊ नका, आणि मुलीची इटालियन थांबवू नका. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी कशी, ते समजण्यासाठी इटालियन शिकवण्याच्या नोकऱ्या जगात कोणाला, कुठे आणि कशा मिळतात हे पाहावे लागेल.

जागा कोणाच्या?

पहिला दरवाजा इटलीच्या सरकारचा. इटलीचे परराष्ट्र मंत्रालय परदेशातील इटालियन शाळांत आणि विद्यापीठांत आपले शिक्षक पाठवते. विद्यापीठात जाणाऱ्याला 'लेत्तोरे' म्हणतात. पण या जागांसाठी उमेदवार आधी इटलीच्या सरकारी शाळेत कायम शिक्षक असावा लागतो, मग निवड होते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कायम शिक्षकाला प्रतिनियुक्तीवर पाठवावे तसाच हा प्रकार. बाहेरच्याला इथे वाव नाही.

दुसरा दरवाजा सांस्कृतिक संस्थांचा. इटलीची सरकारी सांस्कृतिक केंद्रे जगभर ऐंशीहून अधिक आहेत. आपल्या देशात ती दिल्ली आणि मुंबईत आहेत. त्याखेरीज १८८९ साली स्थापन झालेली 'दान्ते अलिगिएरी सोसायटी' आहे, तिच्या शाखा अनेक देशांत भाषेचे वर्ग चालवतात. या ठिकाणी स्थानिक शिक्षकही घेतले जातात, पण काम बहुधा तासांवर असते. आपल्याकडील वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुणांना हे वेगळे सांगायला नको. वर्ग भरला तर मानधन, नाही भरला तर घरी.

तिसरा दरवाजा त्या त्या देशाच्या शाळांचा. ऑस्ट्रेलियात, विशेषतः व्हिक्टोरिया राज्यात, इटालियन ही शाळांतून मोठ्या प्रमाणावर शिकवली जाणारी भाषा आहे. अर्जेंटिनात इटालियन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. ट्युनिशिया आणि इजिप्तमध्येही ती परकी भाषा म्हणून शिकवली जाते. पण शाळेत शिकवायचे तर त्या देशाची शिक्षक-नोंदणी लागते. व्हिक्टोरियात नोंदणी नसलेला शिक्षक वर्गात उभा राहू शकत नाही, मग त्याचे इटालियन कितीही गोड असो. आपल्याकडे टीईटीशिवाय जसे अडते तसेच.

आता माल्टा. १९३४ पर्यंत इटालियन ही तिथली राजभाषांपैकी एक होती, आजही ती शाळांत शिकवतात. सिसिली बेट तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर. माल्टा आणि इटली दोन्ही युरोपीय संघात, म्हणजे इटालियन माणसाला माल्टात नोकरी करायला वर्क परमिट लागत नाही. आपल्या मुलीसाठी मात्र मालकाला सगळी परवानगी काढावी लागेल. आपणच त्या शाळेचे चालक असतो तर कोणाला घेतले असते? एजंटच्या कागदावर शाळेचे नाव का नाही, याचे उत्तर इथेच मिळते.

मागणीचेही असेच. ती कायम राहील असे धरून चालू नये. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी 'एपी' नावाच्या वरच्या दर्जाच्या परीक्षा असतात. त्यांत इटालियनची पहिली परीक्षा २००६ साली झाली. विद्यार्थी कमी म्हणून २००९ नंतर ती बंद पडली. इटलीचे सरकार आणि अमेरिकेतील इटालियन वंशाच्या संघटनांनी पैसा उभा केला, तेव्हा २०१२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. एका परीक्षेवर किती शिक्षकांचे तास अवलंबून असतात, हे आमच्या पेशातील माणसाला लगेच कळते. पटसंख्या घटली की तुकडी जाते आणि तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. उर्दू शाळांतील आमच्या भगिनींनी हे पुरेपूर पाहिले आहे.

बोलता येणे आणि शिकवता येणे

आता मुलीच्या पात्रतेकडे येऊ. युरोपात भाषेच्या सहा पातळ्या मानतात. ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२. बी१ म्हणजे रोजच्या व्यवहारात अडणार नाही इतकी भाषा. प्रवास, बाजार, ओळख, साधे पत्र. इटलीत राहून किंवा लग्नामुळे नागरिकत्व मागणाऱ्या परदेशी माणसाकडून २०१८ च्या डिसेंबरपासून हीच बी१ पातळी मागतात. म्हणजे नागरिक व्हायला ती पुरते. शिक्षक व्हायला पुरत नाही. ज्याला शिकवायचे आहे त्याने निदान सी१ गाठावी. रोज नेमाने अभ्यास केला तरी आणखी दोन-तीन वर्षे धरून चाला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इटलीत फार वर्षे असा समज होता की, इटालियन माणूस आहे म्हणजे तो इटालियन शिकवू शकतोच. आपल्याकडेही हाच समज आहे. घरात उर्दू बोलतात ना, मग मुलांना उर्दू शिकवा. पण परक्याला आपली भाषा शिकवणे हे वेगळे हुनर आहे. मराठी मुलाला आपण 'तो गेला, ती गेली, ते गेले' शिकवत नाही, ते त्याला घरीच येते. बिहारहून आलेल्या मुलाला ते शिकवावे लागते आणि तेव्हा आपल्याला कळते की आपल्यालाही त्याचा नियम सांगता येत नाही.

इटलीने हे ओळखून शिक्षकांसाठी वेगळी प्रमाणपत्रे काढली. सिएना येथील परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाचे 'दिताल्स', व्हेनिसच्या का फोस्कारी विद्यापीठाचे 'चेदिल्स' आणि पेरुजाच्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठाचे 'दिल्स-पीजी' ही त्यांतील जाणती नावे. दिताल्स १९९४ पासून आहे. त्यात छापील धडा देऊन त्याचे विश्लेषण करायला सांगतात, स्वतः पाठाची रचना करायला लावतात आणि भाषा शिकवण्याच्या शास्त्रावर प्रश्न विचारतात. शिकणारे कोण, म्हणजे लहान मुले, प्रौढ, की कामासाठी आलेले स्थलांतरित, त्याप्रमाणे उमेदवाराला आपला गट निवडता येतो. २०१६ साली तर इटलीच्या सरकारने शाळांतील अध्यापन विषयांच्या यादीत 'परभाषिकांसाठी इटालियन' हा स्वतंत्र विषयगटच घातला. आपली भाषा आपल्याच देशात परक्याला शिकवायलाही स्वतंत्र तयारी लागते, हे त्यांनी कायद्याने मान्य केले.

बी.एड. केलेल्या मुलीला ही परीक्षा अनोळखी वाटणार नाही. पाठ टाचण, उद्दिष्टे, सराव पाठ, मूल्यमापन हे सारे तिने केलेलेच आहे. फरक भाषेच्या पातळीचा. ज्याची मातृभाषा इटालियन नाही त्याने आधी भाषेवरील वरच्या पातळीचे प्रभुत्व दाखवायचे आणि मग या परीक्षांना बसायचे. म्हणून क्रम सांभाळा. आधी भाषेचे प्रमाणपत्र, मग अध्यापनाचे. भाषेच्या प्रमाणपत्रांत सिएनाचे 'चिल्स', पेरुजाचे 'चेली' आणि दान्ते सोसायटीचे 'प्लिदा' यांना मान आहे. क्लासने दिलेला रंगीत कागद याऐवजी चालत नाही.

आपल्या भाषा ही आपली पुंजी

इतके वाचून मुलीचे मन खट्टू झाले असेल. जन्माने इटालियन असलेल्यांशी आपण काय स्पर्धा करणार? तिने ही स्पर्धा त्यांच्या मैदानावर करूच नये. जिथे शिकणाऱ्याची भाषा जाणणारा शिक्षक हवा, तिथे ती पुढे आहे.

उदाहरणे घ्या. इंग्रजीतून इटालियन शिकणारा 'मि प्याचे' या प्रयोगापाशी हमखास अडखळतो, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. इटालियनमध्ये वस्तू कर्ता होते आणि क्रियापद तिच्याप्रमाणे चालते. आता मराठीत बोला. 'मला पुस्तक आवडते, मला पुस्तके आवडतात.' उर्दूत 'मुझे किताब पसंद है.' आपल्या मुलाला हा नियम समजवायला दोन मिनिटे लागतात. तसेच 'तो गेला' आणि 'ती गेली'. इटालियनमध्ये 'आन्दातो' आणि 'आन्दाता'. गेलेल्याच्या लिंगाप्रमाणे रूप बदलते, अगदी आपल्यासारखे. परक्या वडीलधाऱ्याला 'तू' म्हणायचे नाही, त्यासाठी वेगळे सर्वनाम वापरायचे, हा अदबही त्यांच्याकडे आहे. आपल्या घरातील मुलाला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

उच्चारांचे पाहा. इटालियन 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणतात, जसे आपले त आणि द. इंग्रजी वळणाने शिकलेली आपली मुले तिथे ट आणि ड म्हणतात. फळ्यावर देवनागरीत लिहून दाखवले की चूक सुटते. इटालियनमध्ये 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक ऐकूच येत नाही. उर्दूत 'बची' आणि 'बच्ची' यांत गोंधळ कोण करतो?

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. जकात नाक्याला ते 'दोगाना' म्हणतात, तो आपला दीवान. कोठाराला 'मागाद्झीनो', त्याच्या मुळाशी अरबी मखाजिन, म्हणजे साठवणीच्या जागा. आपला उर्दू 'मखज़न' त्याच घरातला. भरतकामाला 'रिकामो', त्याच्या मुळाशी रक़म. साखर आणि केशर यांचे इटालियन शब्दही अरबीतून गेलेले. सिसिलीवर नवव्या ते अकराव्या शतकापर्यंत मुसलमानांचे राज्य होते आणि पुढे व्हेनिस, जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांचा पूर्वेशी व्यवहार राहिला. त्याच्या खुणा भाषेत उरल्या. वर्गात एवढे सांगितले तरी शिकणाऱ्याची भीती अर्धी होते.

मग असे शिकणारे आहेत कुठे? इटलीतच आहेत. पो नदीच्या खोऱ्यातील दुग्धशाळांत हजारो पंजाबी कामगार आहेत. ब्रेशा शहराच्या आसपास पाकिस्तानी कुटुंबे आहेत, त्यांच्या घरात उर्दू चालते. रोममध्ये बांगलादेशी मोठ्या संख्येने आहेत. दीर्घ मुदतीच्या वास्तव्याचा परवाना हवा असेल तर २०१० च्या अखेरीपासून ए२ पातळीची परीक्षा द्यावी लागते. घरातील बायका, ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांना इटालियन पुस्तक इटालियनमधून समजत नाही. तिथे उर्दू-हिंदी जाणणाऱ्या शिक्षिकेची किंमत कळते. प्रौढांसाठीच्या सरकारी केंद्रांतील शिक्षकांच्या जागा सरकारी पद्धतीने भरतात, त्या सहज मिळणार नाहीत. पण स्वयंसेवी संस्थांचे वर्ग असतात आणि शाळा, दवाखाने, कचेऱ्यांत भाषा व संस्कृतीचे मध्यस्थ म्हणून काम करणारेही असतात. दोन्हीकडे आपल्या भाषा कामी येतात.

तिथे जायची सरळ वाट शिक्षणाची आहे. भारत आणि इटली यांच्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थलांतर व ये-जा यासंबंधी करार झाला. त्यात इटलीत शिक्षण पूर्ण केलेल्या भारतीय विद्यार्थ्याला सुरुवातीच्या अनुभवासाठी बारा महिन्यांपर्यंत तिथे राहता येण्याची तरतूद आहे. परदेशीयांना इटालियन शिकवण्याचे पदव्युत्तर शिक्षण तिथल्या विद्यापीठांत मिळते. आणि जायच्या आधी इथेच शिकवायला सुरुवात करता येते. इटलीत शिकायला जाणारी मुले मुंबई-पुण्यात आहेत, ऑनलाइनही आहेत. पन्नास-साठ तास प्रत्यक्ष शिकवलेले असले की अर्जात लिहायला काहीतरी ठोस असते.

करार वाचल्याशिवाय सही नाही

परदेशात भाषा शिकवणाऱ्याचा दर्जा बऱ्याचदा तळाचा असतो. याचा सर्वात मोठा दाखला इटलीतच सापडतो, उलट बाजूने. इटलीच्या विद्यापीठांत आपापली मातृभाषा शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांनाही 'लेत्तोरे'च म्हणत. त्यांचे करार वर्षावर्षाचे आणि काही वर्षांपलीकडे वाढत नसत. व्हेनिसमधील दोन शिक्षिका कोर्टात गेल्या. १९८९ साली युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, हे बंधन परदेशी कामगारांशी भेदभाव करणारे आहे. त्यानंतर १९९३, २००१ आणि २००६ मध्ये याच प्रश्नावर पुन्हा निकाल झाले. तरीही २०२३ साली युरोपीय आयोगाला इटलीविरुद्ध पुन्हा न्यायालयात जावे लागले. ज्यांना कायद्याने समान हक्क होते, त्यांची ही गत. आपली मुलगी तर व्हिसावर असेल.

म्हणून करारात या गोष्टी शोधा. पगार महिन्याचा की तासाचा? तासाचा असेल तर आठवड्याला किमान किती तासांची हमी? वह्या तपासणे आणि तयारी यांचे पैसे मिळतात का? सुटीच्या महिन्यांत काय? व्हिसाचा खर्च कोणाचा, राहण्याची सोय कुठे, तिथे कोण राहते? मुलगी एकटी जाणार असेल तर हा शेवटचा प्रश्न अम्मीने स्वतः विचारावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. करार आपल्याला येणाऱ्या भाषेत मागा आणि संस्थेच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः ई-मेल करून खात्री करा.

एजंटविषयी सरकारचा नियम स्पष्ट आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटची सरकारकडे नोंदणी असलीच पाहिजे. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेऊ शकतो, तेही पावतीसह. दीड लाख मागणारा माणूस त्याच क्षणी नियमाबाहेर गेला. सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, मुंबईत प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे. तिथे विचारायला पैसे लागत नाहीत. 'आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग तिथे बदलून देऊ' असे कोणी म्हणाले तर बोलणे तिथेच थांबवा. टुरिस्ट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे आणि पकडली जाते ती मुलगी, एजंट नाही.

कागदांची तयारी मात्र आजपासून करता येते. दहावीपासून बी.एड.पर्यंतच्या सर्व गुणपत्रिका व पदव्यांवरील नाव पासपोर्टवरील नावाशी जुळते का, ते तपासा. आपल्या घरांत मुलीचे नाव एका कागदावर 'शेख' लावून, दुसऱ्यावर न लावता, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाच्या वेगळ्या स्पेलिंगने असते. हे निस्तरायला महिने लागतात. पदव्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. ज्या देशांनी अपोस्टिलचा करार मानलेला नाही, तिथे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

आता खर्चाचे गणित. कर्जाचा विचार सोडून द्या आणि घरात सहज उभे राहतील तेवढेच पैसे तीन ठिकाणी घाला. बी२ आणि सी१ च्या परीक्षा, त्यांच्या तयारीचा वर्ग आणि त्यानंतर अध्यापनाचे प्रमाणपत्र. तोपर्यंत मुलीने इथल्या शाळेत नोकरी करावी, संध्याकाळी दोन-तीन विद्यार्थ्यांना इटालियन शिकवावी. परदेशची जागा मिळाली तर ती तयार असेल. नाही मिळाली तरी हातात एक भाषा, एक हुनर आणि विद्यार्थी राहतील. एजंटच्या खिशात गेलेल्या पैशांतून यातले काहीच उरत नाही.

अल्लाह आपल्या मुलींच्या मेहनतीत बरकत देवो.